दुकानाच्या फळ्या लावण्यापूर्वी



'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपण सर्वांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेली आहे. म्हण जुनी आहे आणि खोटीही नाही. पण ती ज्या काळात झाली त्या काळात दुकानदाराला बँकेचे व्याज नव्हते आणि शेतकऱ्याच्या हाती मोबाईल नव्हता. आज ह्या म्हणीपायी कित्येक चांगली माणसे बुडत्या दुकानात बसून आहेत. नोकरी म्हणजे कमीपणा, असे मनाने घेतलेले असते. आज ह्या सदरात त्यांच्यासाठी चार शब्द लिहीत आहे.

गेल्या रविवारी तिन्हीसांजेला माझा भाचा आणि त्याची बायको घरी आली. लातूर जिल्ह्यातल्या एका बाजारच्या गावी त्याचे किराणा दुकान आहे. बारावी झाल्यावर चाकणच्या एका कारखान्यात त्याने 4 वर्षे नोकरी केली, मग गावी परतून दुकान टाकले. त्याला आता 11 वर्षे झाली. पहिली 7 वर्षे बाजार समितीचा परवाना घेऊन तो सोयाबीन आणि तुरीची खरेदीही करी. पुढे लोक आपला माल गाडीत घालून थेट लातूरला नेऊ लागले आणि भुसाराचे काम बंद पडले. राहिला तो किराणा.

चहा झाला तरी पोराच्या तोंडून शब्द निघेना. शेवटी सूनबाईच म्हणाली, "मामा, यांना एका डाळ मिलमध्ये बोलावलंय. खरेदीवर बसायचं, महिना 15,000 देतो म्हणतात. हे नको म्हणतात. शेताचा कागद बँकेत ठेवून दुकानात आणखी माल भरायचा म्हणतात."

भाचा खाली मान घालून म्हणाला, "मामा, 11 वर्षं लोक मला शेठ म्हणतात. उद्या मिलच्या दारात हजेरी लावताना बघतील, तर काय म्हणतील?"

मी म्हटले, "लोक काय म्हणतील ते मागून बघू. आधी वही काढ."

वही काय सांगते

दुकान चालते की नाही हे गल्ल्यात हात घालून कळत नाही. गल्ल्यात नेहमीच पैसे असतात. पण ते आपले किती आणि घाऊक व्यापाऱ्याचे किती, हे वहीच सांगते. आम्ही त्या रात्री कंदिलाऐवजी मोबाईलच्या उजेडात, कारण वीज गेली होती, हिशोब मांडला. तो जसाच्या तसा देतो. ज्यांचे दुकान आहे त्यांनी आपापले आकडे घालून पाहावेत.

महिन्याची विक्री सुमारे 1,80,000 रुपये. मालाची किंमत वजा जाता उरतात 18,000. त्यातून गाळ्याचे भाडे 3,000, वीजबिल 1,400, बँकेच्या 4,00,000 कर्जाचे व्याज 4,200, पिशव्या आणि मालवाहतूक 1,600, उंदीर-घुशी आणि मुदत संपलेला माल 1,000. एकूण खर्च 11,200. उरले 6,800. घरात दुकानातून नेलेला तेल-साखर-चहा धरून 4,000 चा माल कधी लिहिला जात नाही. तो मिळकतीतच धरला पाहिजे. म्हणजे झाले 10,800.

ह्या 10,800 साठी माणूस पहाटे 6 ला दुकान उघडतो आणि रात्री 8 ला बंद करतो. 14 तास. दिवसाला 360 रुपये, म्हणजे तासाला जेमतेम 26. दुपारी सूनबाई दुकानात बसते, तिचे तास ह्यात धरलेलेच नाहीत.

पण खरी गोम पुढेच होती. मी विचारले, "उधारी किती?" तो म्हणाला, "2,35,000." "वर्षापूर्वी किती होती?" त्याने मागची पाने चाळली. "1,75,000." म्हणजे एका वर्षात उधारी 60,000 ने वाढली. महिन्याला 5,000. वहीतला 10,800 नफा हाती पडतच नव्हता. त्यातले 5,000 दर महिन्याला गावात वाटले जात होते. घरात खरे आले ते 5,800.

सूनबाई हळूच म्हणाली, "म्हणूनच माझी पाटली मोडावी लागली." भाचा गप्प झाला. 11 वर्षांत त्याने विक्री रोज लिहिली होती. पण असा हिशोब एकदाही मांडला नव्हता. ही चूक त्याची एकट्याची नाही. मीही माझ्या काळी हेच केले.

माझी गोष्ट थोडक्यात

तालुक्याच्या गावी माझी लहानशी भुसार अडत होती. 1993 साली मी ती बंद केली आणि एका सहकारी संस्थेच्या गोदामात कारकून म्हणून लागलो. कालपर्यंत जे हमाल मला मालक म्हणत, त्यांच्याच पोत्यांची मी नोंद करू लागलो. पहिला महिना मी रस्त्याने मान खाली घालून जात असे. दुसऱ्या महिन्यात एका म्हाताऱ्या मापाड्याने मला सांगितले, "कारकून, तुम्ही आल्यापासून वजनात तंटा होत नाही." त्या दिवशी मला कळले की माझी अडत गेली, माझे ज्ञान गेलेले नाही. ते आता दुसऱ्याच्या पेढीवर कामाला आले होते, एवढेच.

त्या संस्थेत पगार दोनदा चार-चार महिने थकला, हेही सांगितले पाहिजे. नोकरी म्हणजे सुखाची गादी नव्हे. पण थकलेला पगार पुढे मिळाला. अडतीत बुडालेली उधारी मात्र आजतागायत मिळाली नाही.

व्यापाऱ्याला येते काय?

भाच्याला मी विचारले, "तुला काय काम येतं?" तो म्हणाला, "काही नाही मामा. नुसता दुकानदार."

असे म्हणणारे पुष्कळ आहेत. जरा विचार करा. हा गडी सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून ओलावा 12 टक्क्यांच्या आत आहे की वर, हे सांगतो. हमीभावाच्या खरेदीत ह्याच 12 टक्क्यांवर सारा तंटा होतो. तुरीत काडीकचरा किती, डागी दाणा किती, हे मूठभर माल तळहातावर घेऊन ओळखतो. शंभर माणसांचा हिशोब त्याच्या डोक्यात असतो. कोण वेळेवर देतो आणि कोण टाळतो, हे त्याला चेहऱ्यावरून कळते. तोंड गोड ठेवून भाव तोडता येतो. हे कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत. पण डाळ मिलवाल्याला, गोदामवाल्याला आणि कंपनीवाल्याला ह्याचीच गरज असते. म्हणून दुकान सोडणाऱ्याने कोणतीही नोकरी न पाहता, आपल्या धंद्यातले ज्ञान जिथे खपेल तीच नोकरी आधी पाहावी. चाकणला 36 व्या वर्षी परत यंत्रावर उभे राहिले, तर कालच्या पोरांबरोबर पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागेल. खरेदीच्या काट्यावर मात्र 11 वर्षांचा अनुभव जमेस धरला जाईल.

कोणकोणत्या वाटा आहेत

पहिली वाट डाळ मिल, जिनिंग, तेल गिरणी आणि अडत ह्यांची. येथे खरेदी कारकून, माल तपासणारा, काट्यावरचा माणूस आणि दिवाणजी लागतो. आता दिवाणजीला संगणकावर हिशोब लिहिता आला पाहिजे. टॅलीचा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावी दोन-तीन महिन्यांत होतो. ज्याने वही लिहिली आहे, त्याला तो जड जात नाही, कारण जमा-खर्च तोच असतो.

दुसरी वाट शेतकरी उत्पादक कंपन्यांची. 2002 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन ह्या कंपन्यांची सोय झाली आणि 2020 साली केंद्र सरकारने देशभर 10,000 नव्या संस्था उभ्या करण्याची योजना आणली. त्यांना व्यवस्थापक आणि हिशोबनीस ठेवण्यासाठी सरकारी मदत मिळते. पण ती पहिल्या 3 वर्षांपुरतीच. म्हणून नोकरी घेण्यापूर्वी बेधडक विचारावे, 'कंपनीला किती वर्षे झाली? गेल्या हंगामात किती माल घेतला आणि कोणाला विकला?' ज्या कंपनीचे गोदाम हंगामातही रिकामे, तिचा पगार मदत संपताच बंद पडतो. व्यवस्थापकाच्या जागेला पदवी किंवा पदविका मागतात. खरेदीच्या आणि प्रतवारीच्या कामाला मात्र अनुभवी माणूस चालतो.

तिसरी वाट गोदामांची. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ 1957 पासून आहे, शिवाय खाजगी गोदामे आणि शीतगृहे आहेत. थप्पी कशी लावावी, कीड कधी पडते, धुरी कधी द्यावी, नमुना कसा काढावा, हे ज्याला येते त्याला येथे मान आहे. महामंडळाच्या कायम जागा जाहिरात आणि परीक्षेनेच भरतात; खाजगी गोदामात ओळख आणि अनुभव चालतो.

चौथी वाट बी-बियाणे आणि खताच्या व्यापाऱ्यांसाठी. कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने 2003 साली एक वर्षाची पदविका सुरू केली. तिला 'देसी' म्हणतात. आठवड्यातून एक दिवस वर्ग असतो. ज्याने ती केली आहे त्याने ती कागदावर ठळक लिहावी, कारण वितरकाकडे आणि खत कंपन्यांत फिरतीच्या कामाला तिचा उपयोग होतो. फिरतीची नोकरी घेताना मात्र ठरलेला पगार किती आणि विक्रीवर अवलंबून किती, पेट्रोल कोणाचे, हे आधी विचारावे.

पाचवी वाट भांडारपालाची. साखर कारखाना, दूध संघ, दवाखाना, वसतिगृह, मोठे खानावळवाले, सर्वांना कोठारावर विश्वासाचा माणूस लागतो. माल मोजून घेणे, मोजून देणे आणि शिल्लक जुळवणे, हेच तर दुकानदार जन्मभर करतो.

सरकारी नोकरीचे म्हणाल, तर राज्य सेवेत येण्याची कमाल वयोमर्यादा 2016 साली खुल्या वर्गासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 करण्यात आली. नेमकी अट ज्या त्या जाहिरातीत पाहावी. प्रयत्न जरूर करावा. पण परीक्षेच्या भरवशावर घरी बसू नये. आणि एक गोष्ट काळजावर कोरून ठेवावी. 'इतके लाख द्या, चिकटवून देतो' म्हणणारा माणूस घरी आला, तर त्याला पाणी द्यावे आणि वाटेला लावावे. दुकान गेले तरी जमीन राहते. ह्या माणसाच्या नादाने जमीनही जाते.

ही नोकरी नव्हे

आणखी एक सावधगिरी. विम्याचा एजंट, पतसंस्थेची पिग्मी, बँक मित्र, घरोघर माल विकण्याची साखळी, ह्यांना लोक नोकरी म्हणतात. ती नोकरी नाही. तेथे पगार नसतो, दलाली असते. म्हणजे पुन्हा धंदाच, फक्त फळीवर माल नाही. ज्याला धंद्याची अनिश्चितता सोसवत नाही म्हणून दुकान सोडायचे, त्याने परत त्याच विहिरीत उडी का घ्यावी? जोडीला करायचे असेल तर हरकत नाही. पण घर त्यावर चालवू नये.

पगार कसा मोजावा

भाच्याला मिलवाल्याने 15,000 सांगितले. मी म्हटले, "भविष्य निर्वाह निधी आहे का, हे विचारलंस?" त्याने विचारले नव्हते. 20 किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला हा निधी लागू होतो. कामगाराच्या पगारातून 12 टक्के कापतात आणि मालक तेवढेच घालतो. 15,000 वर आपले 1,800 आणि मालकाचे 1,800. मालकाच्या भागातला मोठा हिस्सा निवृत्तिवेतनाच्या खात्यात जातो.

आता ह्यात एक गोष्ट अशी निघाली की सूनबाईचा चेहरा उजळला. भाच्याने चाकण सोडले तेव्हा हा निधी काढलेलाच नव्हता. निवृत्तिवेतनाला किमान 10 वर्षांची नोकरी लागते. जुनी 4 वर्षे, पैसे काढलेले नसल्याने, नव्या नोकरीला जोडून घेता येतात. म्हणजे त्याला आणखी 6 वर्षे भरली की म्हातारपणी दरमहा काहीतरी ठरलेले मिळण्याचा हक्क लागतो. जे पूर्वी पुणे-मुंबईकडे नोकरी करून आले आहेत त्यांनी जुना पगाराचा कागद, निधीचा क्रमांक आणि कारखान्याचे ओळखपत्र पेटीतून शोधून काढावे. नव्या मालकाला 'माझा जुना क्रमांक आहे, नवा काढू नका' असे सांगावे. निधीच्या खात्यातले नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का, हे पाहावे. नाहीतर पुढे अडते.

नेमणूकपत्र लेखी मागावे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे ते देणे मालकाला बंधनकारक आहे. पगार बँकेत घ्यावा.

हिशोब असा झाला: 15,000 मधून निधीचे 1,800 आणि बसभाडे 1,200 गेले, हाती 12,000.

आधी दुकान नीट मिटवा

दुकान सोडणे म्हणजे कुलूप लावून निघून जाणे नव्हे. आम्ही मिटवण्याचाही हिशोब मांडला. दुकानात खरेदी किमतीचा 2,60,000 चा माल होता. घाईत विकला तरी 2,10,000 येतील. काटा, फ्रीज, मांडण्या विकून 40,000 येतील, तेवढेच घाऊक व्यापाऱ्याला देणे आहे. उधारीतली 1,20,000 वसूल होण्यासारखी आहे. बाकीची जुनी, तिच्यावर भरवसा नको. म्हणजे बँकेचे 4,00,000 फिटून राहतील 70,000. ते दोन वर्षांच्या हप्त्यांनी फेडायचे तर महिन्याला सुमारे 3,300. दोन वर्षे हाती 8,700 राहतील. तंगी आहेच. पण आज घरात 5,800 येतात आणि कर्जाची मुद्दल एक रुपयाने कमी होत नाही. तिसऱ्या वर्षी मात्र पूर्ण 12,000 हाती येतील, कर्ज नसेल, आणि शेताच्या सातबारावर बोजाही नसेल.

मिटवताना पुढील गोष्टी कराव्यात. माल संपत येईल तसा नवा भरू नये. मुदतीचा माल आधी परत करावा. बँकेत व्यवस्थापकाकडे स्वतः जाऊन सांगावे की दुकान बंद करतो आहे, उरलेल्या रकमेचे हप्ते पाडून द्या. तोंड चुकवू नये. थकबाकीदार म्हणून नाव लागले, तर पुढे पीककर्ज मागतानाही ते आड येते.

उधारीच्या बाबतीत कायदा माहीत असावा. 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाचे पैसे मागण्याचा दावा साधारण 3 वर्षांच्या आत करावा लागतो. ती मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने 'मी इतके रुपये देणे आहे' असे तारखेसह लिहून सही केली, तर सहीपासून नवी मुदत सुरू होते. म्हणून दुकान उघडे आहे तोवरच वही घेऊन घरोघर जावे. दाराशी भांडू नये. 'दुकान मिटवतो आहे, जमेल तसे द्या, तोवर येथे सही करा,' एवढेच म्हणावे. पुष्कळ लोक सही करतात. दुकान बंद झाल्यावर तीच माणसे ओळख दाखवत नाहीत.

जीएसटीची नोंदणी घेतली असेल, तर ती रद्द करण्याचा अर्ज करावा आणि रद्द झाल्यावर 3 महिन्यांच्या आत अंतिम विवरणपत्र भरावे. विक्री नाही म्हणून विवरणपत्र सोडून दिले तर विलंब शुल्क चढत जाते. अन्न परवाना, दुकानाची नोंदणी, बाजार समितीचा परवाना, धंद्याचे वीजमीटर, सर्व बंद केल्याचे कागद घ्यावेत आणि अनामत परत मागावी. हेच परवाने आणि जुनी विवरणपत्रे पुढे अनुभवाचा पुरावा म्हणून कामी येतात. म्हणून फाडू नयेत.

अर्ज कसा लिहावा, हेही भाच्याला सांगितले. 'मी होतकरू व प्रामाणिक आहे' हे सगळेच लिहितात. त्यापेक्षा असे लिहावे: 'मी 11 वर्षे किराणा विक्री केली. त्यांपैकी 7 वर्षे हंगामाला सुमारे 300 क्विंटल सोयाबीन व तूर खरेदी केली. ओलावा व प्रतवारी पाहता येते. परिसरातील 15 गावांतील शेतकरी ओळखतात. परवान्याच्या व विवरणपत्रांच्या प्रती जोडल्या आहेत.' वाचणाऱ्याला माणूस डोळ्यांपुढे दिसतो.

नोकरीत जपण्याच्या गोष्टी

मालक होता तो नोकर झाला की दोन ठिकाणी ठेच लागते. एक म्हणजे हुकूम ऐकणे. 26 वर्षांचा पोरगा 'हे असे करा' म्हणतो आणि आपल्याला ठाऊक असते की ते तसे करायचे नसते. पहिले तीन महिने ऐकून घ्यावे, मग एकट्याला गाठून सांगावे, चारचौघांत नाही. दुसरी म्हणजे जुनी सवय. ज्याच्या काट्यावर आपण बसतो, त्याच मालात चोरून आपली खरेदी करू नये. ओळखीच्या शेतकऱ्याचा ओला माल वाळका म्हणून घेऊ नये. व्यापाऱ्याला नोकरीत एकच भांडवल लागते, ते म्हणजे विश्वास. ते गेले की दुसरी पेढीही जवळ करत नाही.

रात्री 10 वाजता वीज आली. सूनबाईने तवा टाकला. जेवताना ती म्हणाली, "मामा, गाळा सोडू. पण घराच्या पुढच्या खोलीत मी चहा, साखर, साबण, वह्या-पेन एवढं रोखीवर ठेवू का? उधार एक पैसा देणार नाही."

मी भाच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "तिला जमेल. तिला नाही म्हणता येतं. मला येत नव्हतं."

मी म्हटले, "ठेव. पण 20,000 च्या वर माल नको, आणि बँकेचे कर्ज फिटेपर्यंत नवा पैसा घालू नको. वही मात्र तू लिही."

निघताना त्याने विचारले, "मामा, आबांना काय सांगू? ते म्हणतील, शेठचा नोकर झाला."

मी म्हटले, "त्यांना सांग, शेत बँकेत ठेवलं नाही. एवढं सांगितलंस की पुढचं ते विचारणार नाहीत."

सोमवारी तो मिलवाल्याकडे निधीचे विचारायला गेला. निधी लागू आहे, असे उत्तर मिळाले. दिवाळीपर्यंत दुकान मिटवून तो रुजू होणार आहे. ज्यांच्या घरी असाच प्रश्न आहे त्यांनी आज रात्री जेवणानंतर नवरा-बायकोने मिळून वही काढावी. दुकान चालत असेल तर वही तसे सांगेल. मग ते जोमाने चालवावे, नोकरीच्या मागे लागू नये. चालत नसेल, तर वही तेही सांगेल. तिच्यावर रागावू नये.

असो. पुढच्या आठवड्यात दूध संस्थेच्या हिशोबाविषयी लिहीन.